गोष्टीतले माकड आणि रानातले वानर



आपल्या काशीदच्या एका अंगाला समुद्र, दुसऱ्या अंगाला फणसाडचे रान. पूर्वी हे रान जंजिऱ्याच्या नवाबाच्या शिकारीचे होते. १९८६ साली ते अभयारण्य झाले. तिथे बिबट्या आहे, भेकर आहे, शेकरू आहे. आणि वानरे तर आहेतच. काळे तोंड, लांब शेपूट. ती तुमच्या-आमच्या ओळखीची.

पण आज आम्ही आणखी एका माकडाविषयी बोलणार आहोत. ते गोष्टीत राहते.

पंचतंत्रातली माकड आणि मगर यांची गोष्ट तुम्हाला ठाऊक आहे. आपण ती नदीकाठची म्हणून सांगतो. जुन्या संस्कृत पुस्तकात मात्र ती समुद्रकाठची आहे. मगरीच्या बायकोला माकडाचे काळीज हवे असते. माकड म्हणते, "अरे, काळीज तर मी झाडावरच ठेवलं!" आणि जीव वाचवते. केवढे हे शहाणपण!

त्याच पुस्तकात दुसरे माकड आहे. सुताराने लाकूड अर्धे चिरून मध्ये पाचर ठोकलेली. हे महाराज ती उपटायला जातात आणि सापटीत सापडून मरतात. नसता उद्योग!

एकाच पुस्तकात एक माकड शहाणे, दुसरे मूर्ख. मग खरे माकड कोणते? मंडळी, दोन्ही खरी नव्हेत. ती दोन्ही माणसेच आहेत! खेळात माणूस सोंग घेतो ना, तसे गोष्टीत माणसाने माकडाचे सोंग घेतले आहे. माकडाला आपल्यासारखे हात आहेत. पोर ते उराशी धरते. म्हणून हे सोंग आपल्याला चपखल बसते. "तू लोभी आहेस" असे तोंडावर म्हटले तर शेजारी रागावेल. माकडाची गोष्ट सांगितली तर तो हसेल आणि घरी जाऊन विचार करील.

इथवर ठीक. पण एक गोष्ट आम्हाला बोचते. ती बिरबलाच्या नावावर सांगतात. हौदात माकडीण आणि तिचे पिलू असते. पाणी चढत जाते. आधी ती पिलाला डोक्यावर घेते. पाणी नाकाशी येताच ती पिलालाच पायाखाली घेऊन उभी राहते. गोष्ट सांगते की, जीव सर्वांना प्यारा.

हा माणसाच्या स्वार्थाचा दाखला आहे, माकडिणीचा नव्हे. मेलेले पिलूसुद्धा कित्येक दिवस उराशी धरून फिरणाऱ्या माकडिणी अभ्यासकांनी पुन्हा पुन्हा पाहिल्या आहेत. आपला दोष आपण तिच्या माथी मारला!

सोंग आणि खरा प्राणी यांची गल्लत झाली की नुकसान होते. शनिवारी आपण वानराला मारुती समजून पाव देतो. पानेफळे खाणारे त्याचे पोट. पावाने ते बिघडते, आणि माणसाच्या हाताकडे पाहण्याची सवय लागते. रविवारी तेच वानर वाडीत शिरले की त्याला चोर म्हणून दगड मारतो. ते देवही नाही आणि चोरही नाही. ते भुकेले आहे. बागाईतदाराचे नुकसान खरे आहे, ते आम्ही नाकारीत नाही. त्यासाठी वाडीची राखण करावी, वनखात्याला कळवावे. पण खाऊ देऊन सवय लावू नये, आणि चिडून जीवही घेऊ नये. बिबट्या दिसला की हेच वानर झाडावरून ओरडते, आणि ते ऐकून खालची जनावरे सावध होतात, हे विसरू नका.

आता तुम्हाला वाचता येते. आज रात्री मुलांना माकडाची एक गोष्ट वाचून दाखवा. ती हसली की विचारा, "यातलं माकड कोण रे?" मुले शेजाऱ्याचे नाव घेतील. आपण मात्र मनात आपलेही नाव घेऊन पाहावे.