रेवातीरी आपले स्वागत असो

अध्यक्ष महोदय, देशभरातून आलेले डॉक्टर, परिचारिका, आहारतज्ज्ञ आणि कर्करोगातून उठून आज पहिल्या रांगेत मानाने बसलेली मंडळी,

ग्वारीघाटावर आपले मनःपूर्वक स्वागत.

जबलपूरच्या पाहुण्याला सगळे भेडाघाटचे संगमरवर दाखवतात. मी आधी तेवरचे नाव घेईन. जवळचे हे खेडे म्हणजे कलचुरींची राजधानी त्रिपुरी. १९३९ची त्रिपुरी काँग्रेस आणि सुभाषबाबू सर्वांना ठाऊक आहेत. पण त्याच्या हजारेक वर्षे आधी इथे युवराजदेवाच्या दरबारी कवी राजशेखर होता, हे आमच्या शहरातही कोणी सांगत नाही. आपला पूर्वज अकालजलद याचा त्याने महाराष्ट्राचा चूडामणी म्हणून गौरव केला आहे. अख्खे ‘कर्पूरमंजरी’ त्याने प्राकृतात लिहिले आणि पत्नी अवंतिसुंदरीच्या इच्छेने ते रंगभूमीवर आले. मराठी माणूस जबलपुरात नोकरीसाठी आला असे म्हणतात. आमचे नाते त्याहून फार जुने आहे! राजशेखराच्या नावाने इथे मोठे सभागृह व्हावे, ही मागणी मी या व्यासपीठावरूनही करतो.

आता आपल्या विषयाकडे, उपचारानंतरच्या सोबतीकडे येतो. नर्मदामैया उजव्या हाताला ठेवून परिक्रमावासी पिढ्यान्‌पिढ्या या काठाने चालत आले. त्यांना सदावर्त देणे, रात्रीचा आसरा देणे, पुढची वाट सांगणे हे काठावरच्या घरांनी आपलेच काम मानले. उपचार संपलेल्या रुग्णाच्या हाती मात्र आपण फाईल देतो आणि ‘सहा महिन्यांनी दाखवा’ म्हणतो. काय खावे, किती चालावे, तंबाखू कशी सुटावी, हे त्याने कोणाला विचारायचे? बिडीच्या धंद्यावर पैसा पाहिलेल्या शहराचा नागरिक म्हणून तंबाखूचा प्रश्न मला फार बोचतो.

मी वैद्यकातला नाही, पण वाचले ते सांगतो. मोठ्या आतड्याच्या कर्करोगाच्या ८८९ रुग्णांची चाचणी २०२५ मध्ये प्रसिद्ध झाली. तीन वर्षे मार्गदर्शकाबरोबर व्यायाम केलेल्यांत पाच वर्षांनी सुमारे ८० टक्के रोगमुक्त होते. नुसती माहितीपुस्तिका मिळालेल्यांत ७४. मुंबईच्या टाटा मेमोरियलने स्तनकर्करोगाच्या ८५० रुग्णांत योगाची चाचणी घेतली, तिचेही निष्कर्ष आशादायक आहेत. म्हणजे पुस्तिका पुरत नाही, सोबत लागते. ती सोबत रुग्णालयाने उपचाराचाच भाग म्हणून द्यावी, एवढेच माझे मागणे आहे.

व्यवस्थेत उणिवा राहिल्या आहेत. काहींना खोलीत दाटीने राहावे लागेल, गरम पाणी सकाळी सातनंतर मिळेलच असे नाही. संध्याकाळच्या आरतीच्या वेळी ध्वनिक्षेपकामुळे चर्चासत्र थांबवावे लागेल. त्याबद्दल क्षमा असावी. जेवणात खव्याची जलेबी ठेवावी की नाही यावर समितीत दोन बैठका झाल्या. शेवटी आहारतज्ज्ञ भगिनींच्या सांगण्यावरून ती फक्त निरोपाच्या दिवशी, प्रत्येकी एक ठेवली आहे.

मंडप देणारे, धान्य देणारे गोलबाजारचे व्यापारी, गाड्या देणारे वाहतूकदार, भाकऱ्या थापणाऱ्या महिला मंडळाच्या भगिनी, नावाडी बांधव आणि नाव न सांगण्याच्या अटीवर देणगी देणारे कुटुंब, सर्वांचा मी ऋणी आहे.

उद्या सहाला घाटावर फेरी आहे. पायऱ्या ओल्या असतात, रुग्णमित्रांनी स्वयंसेवकाचा हात धरूनच उतरावे. नर्मदे हर!