हरीनं वाहिलेलं कमळ



मायबाप, सेवेसाठी घेतलेल्या अभंगात तुकोबाराय साधू कुणाला म्हणावं ते सांगतात. वेष सांगत नाहीत, माळ-बुक्का सांगत नाहीत. दुःखी माणसाला जो आपला म्हणतो त्याच्या ठायी देव ओळखा, एवढंच सांगतात. आता हा अभंग तुम्हाला तोंडपाठ. मी चाल धरायच्या आत तुम्ही म्हणून मोकळे होता! म्हणून आज शब्दार्थ लावत बसत नाही. त्याचा अर्थ या पालखीतळावरच, पाण्याच्या टँकरच्या पलीकडं, एका मांडवात सकाळपासून चाललाय. तो बघू.

तिथं इथल्या लायन्स क्लबच्या मंडळींनी डोळे तपासायची सोय केली आहे. तुमच्यातले कितीतरी जण जाऊन आले. कुणाला चष्मा मिळाला, कुणाला मोतीबिंदू निघाला. क्लब म्हटलं की आपल्याकडं काहींना वाटतं, कोट घालून हॉटेलात जेवणारी मंडळी. जेवतात हो, जेवत नाहीत असं नाही! पण जेवणाचा खर्च आपल्या वर्गणीतून करायचा आणि लोकांकडून सेवेसाठी जमवलेला पैसा वेगळ्या खात्यात ठेवून सेवेलाच लावायचा, असा त्यांचा नियम आहे. आपल्या काही देवस्थानांनीही हा नियम शिकून घ्यावा. असो, तो विषय आज नाही.

ही संस्था १९१७ साली अमेरिकेत शिकागोला निघाली. मेल्विन जोन्स नावाचा विमा विकणारा माणूस. त्याच्या मनात आलं, आपण व्यापारी जमतो, धंद्याच्या गोष्टी करतो आणि उठतो. एवढे हात एकत्र आहेत तर गावासाठी काही का करू नये? पण डोळ्यांचं काम त्यांनी धरलं ते आठ वर्षांनी, आणि धरायला लावलं एका बाईनं. हेलन केलर. जन्म १८८०. एकोणीस महिन्यांचं लेकरू असताना आजार झाला, दृष्टी गेली आणि ऐकूही येईनासं झालं. विचार करा, दिसत नाही, ऐकू येत नाही. त्या लेकराला आई म्हणजे नुसता हाताचा स्पर्श. पण ॲन सुलिव्हन नावाची गुरू भेटली. तळहातावर अक्षरं काढून तिनं तिला भाषा दिली. ती हेलन १९२५ साली ओहायोत लायन्सच्या अधिवेशनात उभी राहिली आणि त्या व्यापाऱ्यांना म्हणाली, आंधळ्यांच्या बाजूनं लढणारे तुम्ही व्हा. मागणं तरी केवढं! आणि त्यांनी ते पदरात घेतलं. आजतागायत सोडलेलं नाही.

इथं मला आपल्या गुलाबराव महाराजांची आठवण येते. जन्म १८८१, अमरावती जिल्ह्यात. हेलनपेक्षा एक वर्षानं धाकटे. नवव्या महिन्यात दृष्टी गेली. चौतीस वर्षांचं आयुष्य आणि शंभराहून जास्त ग्रंथ! स्वतःला ज्ञानोबामाउलीची लेक म्हणवून घेत. लोक त्यांना प्रज्ञाचक्षू म्हणत. आंधळा म्हणजे बिचारा, असं समजणाऱ्यानं या दोघांकडं बघावं. डोळे नसले म्हणून माणूस कमी होत नाही. पण माउली, जे आंधळेपण घालवता येतं ते आपल्या आळसानं तसंच राहू देणं, हे मात्र पाप आहे.

हेलनच्या बोलण्याला पाच वर्षं झाली. १९३० साल. पिओरिया नावाच्या गावी जॉर्ज बोनहॅम नावाचा एक लायन उभा होता. समोर एक आंधळा माणूस रस्ता ओलांडायला बघतोय. हातातली काठी काळी, रस्ताही काळा. मोटारवाल्यांना काठी दिसेना. बोनहॅमनं काय करावं? कमिटी नेमली? ठराव केला? काठीला पांढरा रंग द्यायचा, एवढंच सुचवलं. रंगाचा एक डबा! आज तुम्ही आंधळ्या माणसाच्या हातात पांढरी काठी बघता, तिच्या प्रसारामागं ही गोष्ट आहे. सेवेला पैसा लागतो हे खरं. पण आधी लागते ती नजर.

आपल्या देशात लायन्स क्लब आला १९५६ साली, मुंबईत. त्याच वर्षीच्या डिसेंबरात आपले गाडगेबाबा गेले. बाबा कीर्तनात काय विचारायचे? देव कुठं राहतो, ते विचारायचे, आणि लोकांकडूनच उत्तर काढायचे. तुम्हालाही मी विचारतो. मांडवात मोतीबिंदू निघाला, गाडीत बसवून दवाखान्यात नेलं, धुरकट झालेलं भिंग काढून नवं बसवलं, पट्टी बांधली, फोटो झाला. सेवा झाली का?

(श्रोते : नाही!)

नाही. दुसऱ्या दिवशी पट्टी सोडून डॉक्टरांनी डोळा बघायला हवा. पुढं काही आठवडे वेळच्या वेळी थेंब टाकायला हवेत. डोळ्यात पाणी जाऊ द्यायचं नाही, चुलीच्या धुरात बसायचं नाही, जड उचलायचं नाही. घरी एकटी म्हातारी असली तर थेंब कोण टाकणार? पुन्हा दाखवायला एसटीनं कोण नेणार? म्हणून ज्या क्लबाचा माणूस महिन्यानंतरही पेशंटच्या दारात उभा राहतो, त्याला माझा दंडवत. ज्याचा फक्त बॅनर मोठा, त्याला नुसता नमस्कार!

त्यांचीच शेजारची भावकी म्हणजे रोटरी. त्यांनी १९८५ साली पोलिओच्या मागं लागायचं ठरवलं. सरकार, आशाताई, अंगणवाडीच्या बाया सगळे राबले, तेव्हा २७ मार्च २०१४ रोजी आपला देश पोलिओमुक्त ठरला. एकोणतीस वर्षं! तेच दोन थेंब, पुन्हा तेच दार. वारकऱ्याला हे सांगायला नको. एका वारीनं भागतं का?

विठ्ठल विठ्ठल! (गजर)

आता मूळ गोष्टीकडं येतो. त्या मांडवात तपासणीच्या टेबलाशेजारी दुसरं टेबल आहे. पहिल्यापाशी रांग आणि दुसऱ्यापाशी दोन पोरं माश्या मारत बसलीत. मी विचारलं, हे कशाचं? म्हणाले, महाराज, नेत्रदानाचे अर्ज. मग कुणी का येत नाही? तर म्हणाले, येतात, विचारतात, अन् हात जोडून जातात.

बाबांनो, मोतीबिंदूला कुणाचा डोळा लागत नाही, तिथं कारखान्यातलं भिंग चालतं. पण डोळ्यात फूल पडतं ना, ते वेगळं. बुबुळावरची काचेसारखी स्वच्छ कातडी पांढरी होते. उसाचं पाचट डोळ्यात जातं, मळणीत कूस उडतं, आपण चोळतो, कुणीतरी सांगितलेलं काहीबाही घालतो, जखम चिघळते. तंबाखूच्या चुन्याची पुडी लेकरू खेळायला घेतं, दाबतं, चुना उडतो आणि डोळा भाजून निघतो. मावशी, तुमच्या कनवटीची ती पुडी नातवापासून लांब ठेवा, एवढं तरी आजच्या कीर्तनातून न्या. तर या कातडीच्या जागी माणसाचीच कातडी लागते, आणि ती मिळते गेलेल्या माणसाच्या डोळ्यातून. दुकानात मिळत नाही. विकणं-विकत घेणं कायद्यानं गुन्हा आहे. म्हणजे हे दान असं, की श्रीमंताला विकत घेता येत नाही आणि गरिबालाही देता येतं.

मग आपण का देत नाही? मी तुमच्यातलाच आहे, मला कारण माहीत आहे. एक, पुढच्या जन्मी आंधळा जन्माला येईल. दोन, डोळे काढून दिले तर वैकुंठात विठ्ठल कसा दिसायचा?

दुसऱ्याचं उत्तर आधी देतो. चितेवर डोळे शिल्लक राहतात का हो? सगळं जळतं. सकाळी राख सावडायला जाता, तेव्हा डोळे सापडतात का? मग आजवर जे गेले ते सगळे देवाच्या दारात आंधळेच उभे आहेत म्हणायचं! गीतेच्या दुसऱ्या अध्यायात भगवंतांनी देहाला जुन्या वस्त्राची उपमा दिली. जुनं लुगडं टाकताना त्याचा धड पदर कापून लेकराचं दुपटं शिवतो की नाही आपण? मग नवं लुगडं नेसताना पदराशिवाय मिळतं का?

आणि पहिल्याचं उत्तर मी देत नाही, हरी देतो. कथा ऐका. शिवमहिम्न स्तोत्रात एका श्लोकात ती आली आहे. विष्णूंनी महादेवाची पूजा मांडली. हजार कमळं वाहायची. एकेक नाम, एकेक कमळ. नऊशे नव्व्याण्णव झाली आणि एक कमी पडलं. महादेवांनीच परीक्षेला लपवलं होतं. आता उठावं तर पूजा मोडते. मागावं तर कुणाकडं? देव क्षणभर थांबले आणि त्यांच्या ध्यानात आलं, लोक आपल्याला कमलनयन म्हणतात. कमळ तर आपल्यापाशीच आहे! हात डोळ्याकडं गेला आणि तो डोळा पिंडीवर वाहिला. महादेव प्रसन्न झाले, सुदर्शन चक्र दिलं. आता सांगा, ज्यानं जिवंतपणी डोळा दिला त्या हरीला पुढच्या अवतारात अंधत्व आलं का? राम आंधळा झाला? कृष्ण आंधळा झाला? तोच विठ्ठल होऊन विटेवर उभा आहे, मस्तकावर शिवलिंग धरून. तुम्ही पायावर डोकं ठेवून वर बघता, तेव्हा ज्याच्या डोळ्यात बघता तो नेत्रदाता आहे, माउली!

पुंडलिक वरदे हरि विठ्ठल! (गजर)

आमच्या दिंडीत एक बाबा होते. नाव सांगत नाही, घरच्यांना आवडणार नाही. अर्ज भरलेला, पण खिशातच. रात्री दहाच्या सुमाराला गेले. गावात लायन्स क्लबचा एक मेंबर, खतं-बियाण्यांचं दुकान त्याचं. त्याला अर्जाचं ठाऊक होतं. तो आला आणि दारात चपला काढून गप उभा राहिला. रडतं घर, बोलायचं कसं? शेवटी थोरल्याला बाजूला घेऊन सांगितलं. थोरला गप्प. चुलते उखडले. म्हणाले, माणूस अजून उंबऱ्यात आहे आणि तुम्ही कापाकापीचं बोलता? दुकानदार काही बोलला नाही. निघूनही गेला नाही. बारा वाजले. इकडं वेळ थांबत नाही. सहा तासांच्या आत डोळे घ्यावे लागतात. तेव्हा आतून आजी बोलल्या. म्हणाल्या, "भावजी, चाळीस वर्षं वारीत ते दुसऱ्याचं बिऱ्हाड उचलून चालले. मी म्हणायची, स्वतःचं काय ते बघा. ऐकलं नाहीत. आता शेवटाला मी त्यांचं ऐकणार. द्या."

मग दुकानदारानं गाडी काढली, नेत्रपेढीची माणसं आणली. वीस मिनिटांचं काम. चेहरा होता तसाच. सकाळी अंघोळ घालताना चुलत्यांनी स्वतः बघितलं. डोळे कुणाला बसले ते सांगत नाहीत, तसा नियमच आहे. आजी यंदाही तुळस घेऊन पुढं चालतायत. काल कुणी अनोळखी बाई त्यांच्याकडं बघून हसली, तर मला हळूच म्हणाल्या, "महाराज, ओळखीचं वाटलं हो."

बाबांनो, अर्ज भरला म्हणजे झालं, असं नाही. तुम्ही गेल्यावर सही घरच्यांची लागते. म्हणून अर्ज खिशात ठेवू नका, पोरासुनांना दाखवा, चुलत्यांनाही दाखवा! आणि अर्ज भरलेला नसला तरी घरच्यांनी होकार दिला तर चालतं. वयाची अट नाही. चष्मा असू दे, साखर असू दे, मोतीबिंदू काढलेला असू दे, तरी देता येतं. काही आजारांत घेत नाहीत, ते डॉक्टर ठरवतील. माणूस गेला की पापण्या मिटवा, पंखा बंद करा, उशाला उंच काही द्या, डोळ्यांवर ओला कापूस ठेवा आणि लगेच नेत्रपेढीला फोन लावा. मृत्यूचा दाखला हाताशी ठेवा. काचबिंदूनं किंवा आतली शीर सुकून गेलेली दृष्टी यानं येत नाही, तसं कुणाला वचन देऊ नका. पण फूल पडलेल्या दोघांना एका माणसाकडून उजेड मिळू शकतो.

ती दोन पोरं अजून तिथं बसली आहेत. उद्या पहाटे पालखी हलेपर्यंत आहेत म्हणाली. मी माझा अर्ज कीर्तनाला उभं राहायच्या आधीच भरलाय, साक्षीला आपले विणेकरी आहेत. टाळकरी म्हणतात आधी आरती होऊ द्या, मग येतो. बरं, आरती घेऊ.

पुंडलिक वरदे हरि विठ्ठल! श्री ज्ञानदेव तुकाराम! पंढरीनाथ महाराज की जय!