सणाची पंगत, एकच स्वयंपाक



भाद्रपद जवळ आला की घराघरांतून याद्या लिहिण्यास प्रारंभ होतो. दूर्वा, पत्री, सुपाऱ्या, जानवी-जोड ही पूजेची यादी. नारळ, गूळ, तांदळाची पिठी, वाल, अळू ही स्वयंपाकाची यादी. पूजेची यादी पिढ्यान्‌पिढ्या बहुधा तीच राहते. स्वयंपाकाच्या यादीत मात्र अलीकडे एक नवा प्रश्न शिरला आहे आणि तो कोणी परक्याने आणलेला नाही. आपल्याच घरातील मुलामुलींनी तो आणला आहे.

असे एक घर डोळ्यांसमोर आणावे. घरात पंचाहत्तरीची आजी आहे, मुलगा आहे, सून आहे. गणेश चतुर्थीला बारा माणसे जमणार आहेत. नात नोकरीनिमित्त बंगळुरूला असते. ती आठवडाभर आधी दूरध्वनीवर सांगते, "आजी, मी आता दूध-तूप सोडलंय गं. पण माझ्यासाठी वेगळं काही करत बसू नकोस. वरण-भात खाईन मी." आजीच्या मनात येते, तुपावाचून मोदक म्हणजे सण तरी कसला? सुनेच्या मनात येते, एका ओट्यावर दोन स्वयंपाक करायचे कोणी? आणि नात "वेगळं काही नको" असे म्हणाली खरी. परंतु सगळे हसतखेळत मोदक फोडत असताना आपण कोपऱ्यात कोरडा भात कालवत बसणार, हे चित्र तिच्याही डोळ्यांपुढून हलत नाही.

तिघींचेही म्हणणे आपापल्या जागी खरे आहे. म्हणूनच हा विषय पाककृतींच्या वहीपुरता उरत नाही. वर्षातून एकदा एकत्र येणारे कुटुंब एका पंगतीला, एकच अन्न, समाधानाने जेवणार की एकाच्या पुढे पथ्याचे ताट आणि एकीच्या कपाळावर आठी घेऊन उठणार, असा हा प्रश्न आहे.

हे खूळ परदेशी आहे काय?

प्राणिजन्य पदार्थ पूर्णपणे वर्ज्य करणाऱ्यांसाठी 'व्हीगन' हा शब्द १९४४ साली इंग्लंडमध्ये डोनाल्ड वॉटसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी रूढ केला. शब्द तिकडचा, हे निर्विवाद. त्यामुळे अनेक वडीलधाऱ्यांची प्रतिक्रिया "हे तिकडचं खूळ" अशी होते. परंतु आपल्याच पंचांगातील दोन दिवस या निमित्ताने पुन्हा पाहण्यासारखे आहेत.

पहिला दिवस वसुबारसेचा. आश्विन वद्य द्वादशीला सवत्स धेनूची पूजा होते आणि व्रत करणाऱ्या स्त्रिया त्या दिवशी गाईचे दूध, दही, तूप वर्ज्य करतात. दिवाळीचा आरंभच असा दुधाविना होतो. गाय पूज्य आहे म्हणून त्या दिवशी तिचे दूध घ्यायचे नाही, ही कल्पना आपल्या आज्या-पणज्यांना मुळीच विपरीत वाटली नाही.

दुसरा दिवस ऋषिपंचमीचा, म्हणजे चतुर्थीच्या लगेच दुसऱ्या दिवशीचा. त्या दिवसाची कहाणी पुष्कळांना आठवत असेल. एका शेतकरी ब्राह्मणाचे आईवडील मरणानंतर बैल आणि कुत्री होऊन त्याच्याच घरी राहतात. श्राद्धाच्या दिवशी खिरीत सर्पाचे गरळ पडलेले कुत्री पाहते आणि जेवणारे वाचावेत म्हणून खिरीला तोंड लावते. सून तिला मारते. रात्री ती गोठ्यात बैलाजवळ रडते, तेव्हा बैल सांगतो की आपल्यालाही दिवसभर राबवले आणि पोटाला काही मिळाले नाही. मुलगा हे ऐकतो. ज्याला नांगराला जुंपले तो आपला जन्मदाता आहे, हे त्याला त्या रात्री कळते. पुढे ऋषी त्याला व्रत सांगतात आणि बैलाच्या श्रमाचे काही खाऊ नये, हा त्या व्रताचा नियम ठरतो.

कहाणीत या जन्मांचे कारण म्हणून विटाळाचा दोष सांगितला आहे. तो आजच्या अनेक स्त्रियांना पटत नाही आणि तो पटवून घ्यावा असा आग्रह धरण्याचेही प्रयोजन नाही. परंतु मुक्या जनावराच्या कष्टाचा हिशेब वर्षातून एक दिवस तरी ताटावर मांडावा, हा त्या नियमाचा गाभा कोणालाही पटण्यासारखा आहे. आज बहुतेक शेते ट्रॅक्टरने नांगरली जातात. नियमाचा शब्दार्थ त्यामुळे सैल झाला, भावार्थ झालेला नाही. दूध सोडलेल्या नातीचे म्हणणे ऐकले, तर तीही वासराच्या वाट्याविषयीच बोलत असते. तिचा निष्कर्ष घरातील सर्वांनी स्वीकारावा असे नाही. मात्र तो परका म्हणून झटकून टाकण्यासारखा नाही.

ऋषिपंचमीची भाजी हा तर या विचाराचा सगळ्यांत सुंदर पदार्थ. परसात कुदळीने, हाताने लावलेल्या भाज्या तिच्यात पडतात. अळूची पाने आणि देठ, लाल माठाचे देठ, भेंडी, दोडका, पडवळ, लाल भोपळा, सुरण, मक्याच्या कणसाचे तुकडे, ओले शेंगदाणे. फोडणी नाही, गरम मसाला नाही. मीठ, हिरवी मिरची, ओले खोबरे आणि चिंचेचा कोळ एवढेच. सुरण व कणीस आधी शिजत घालावे, फळभाज्या मागाहून, पालेभाजी सर्वांत शेवटी. सुरण आणि अळू यांची खाज चिंचेने मोडते, म्हणून चिंच विसरू नये. काही घरांत वरून लोणी किंवा तूप घालतात. ते वाढताना घ्यावे. सोबत वरीचे तांदूळ. भाद्रपदातील बाजारात जे जे ताजे येते ते ते एका पातेल्यात एकत्र येते.

तूप भांड्यात नको, वाटीत असावे

आता चतुर्थीच्या मुख्य जेवणाकडे वळू. या जेवणाची यादी समोर ठेवून प्रत्येक पदार्थापुढे एकच प्रश्न विचारावा : यात दूध-तूप शिजताना पडते की वाढताना? उत्तर पाहून नवल वाटते, कारण बहुतेक पदार्थांत ते वाढतानाच पडते.

उकडीचा मोदक म्हणजे तांदळाची पिठी, नारळ, गूळ आणि वेलची. उकडीच्या पाण्यात आपण चमचाभर तूप किंवा लोणी घालतो, त्याऐवजी चमचाभर तेल घातले तरी पारी तितकीच मऊ होते. दोन वाट्या खवलेल्या नारळाला साधारण एक वाटी गूळ हे सारणाचे प्रमाण तसेच राहते. मोदक फोडल्यावर वर तुपाची धार हवी, तर ती ज्याच्या त्याच्या पानावर. नातीच्या मोदकावर नारळाचे दाट दूध घालावे. कोकणात शिरवळ्या नारळाच्या गोड दुधातच बुडवून खातात, तेव्हा ही चव आपल्याला नवखी नाही.

हाच नियम साध्या वरणाला, मसालेभाताला आणि पुरणपोळीला लावावा. फोडण्या तेलाच्या कराव्यात, तुपाची वाटी पंगतीत फिरावी. मग भांडे सर्वांचे एकच राहते आणि निवड ज्याच्या त्याच्या पानावर होते. सुनेवरचा दुसऱ्या स्वयंपाकाचा भारही तिथेच उतरतो.

काही पदार्थ मुळातच दुधाविना आहेत. वालाचे बिरडे, काळ्या वाटाण्याची आमटी, बटाट्याची भाजी, अळूचे फदफदे. फदफद्यात काही घरी ताक घालतात. तिथे चिंच-गूळ आणि दाटपणापुरते बेसन पुरते. 'पंचामृत' या नावाचे तर दोन पदार्थ आपल्याकडे आहेत. पूजेच्या पंचामृतात दूध, दही, तूप, मध व साखर असते. ताटात डावीकडे वाढायच्या पंचामृतात मिरच्या, शेंगदाणे, तीळ, खोबऱ्याचे काप, चिंच आणि गूळ. दुसऱ्यात दुधाचा थेंबही नाही. काकडीची दह्यातील कोशिंबीर करण्याऐवजी दाण्याचे कूट, ओले खोबरे, लिंबू आणि हिंग-मिरचीची फोडणी घालून खमंग काकडी करावी. दह्याच्या कढीच्या जागी सोलकढी.

गोव्यात चवथीचे जेवण पाहावे. हळदीच्या पानांत वाफवलेल्या पातोळ्या, तूरडाळ, भाज्या आणि तिरफळांचे खतखते, आणि हरभऱ्याची डाळ, साबुदाणा, गूळ व नारळाच्या दुधाचे मणगणे. देवावर टांगलेल्या माटोळीत रानातील फळे आणि परसातील भाज्या असतात. नारळाच्या दुधाची ती पाकपरंपरा पाहिली की बासुंदीची उणीव कशाने भरून काढावी, हा प्रश्न उरत नाही. श्रीखंड आणि पेढे यांच्या नकला मात्र करू नयेत. जे दुधाचे आहे ते दुधाचेच असू द्यावे. त्याऐवजी मणगण्याचा टोप चढवावा. एक दक्षता घ्यावी : नारळाचे पहिले दाट दूध सर्वांत शेवटी घालावे आणि त्याला उकळी येऊ देऊ नये, नाही तर ते फाटते.

यादी आणि हात

नियोजन म्हणजे सामानाइतकेच हातांचेही. वाल चतुर्थीच्या तीन दिवस आधी रात्री भिजत घालावेत, सकाळी उपसून फडक्यात बांधावेत आणि हरितालिकेच्या दिवशी मोड आले की कोमट पाण्यात घालून सोलावेत. तूर्त हे काम कोण करते? बहुधा तीच गृहिणी, जिचा त्या दिवशी हरितालिकेचा कडकडीत उपवास असतो. बारा माणसांच्या या बेताला सात-आठ नारळ लागतात. ते फोडणे, खोवणे आणि वाटून दूध काढणे ही कामे घरातील पुरुषांनी व मुलांनी आदल्या संध्याकाळी बसून करावीत. स्वयंसेवा शिबिरात शोभते, तशी ती घरच्या विळीवरही शोभते. आणि नातीने एक दिवस आधी येऊन मोदकांच्या पाकळ्या आजीकडून शिकून घ्याव्यात. आपल्या नियमासाठी इतरांनी कष्ट घ्यावेत आणि आपण केवळ पानावर बसावे, हे तिलाही रुचणार नाही.

बाजारातील तयार वस्तू घेताना एक समजूत सुधारून घ्यावी. वेष्टनावरील हिरवा ठिपका म्हणजे शाकाहार; दूधविरहित असा त्याचा अर्थ नाही. दुधाची पावडर, लोणी किंवा केसिन घातलेल्या पदार्थावरही तो असतोच. म्हणून घटकांची यादी वाचावी. प्राणिजन्य घटक अजिबात नसलेल्या अन्नासाठी भारतीय अन्नसुरक्षा व मानके प्राधिकरणाने २०२२ साली स्वतंत्र नियम आणि स्वतंत्र चिन्ह आणले आहे. मधही प्राणिजन्यच मानला जातो, हेही ध्यानात ठेवावे. आणखी एक गोष्ट आरोग्याची. या ताटात शेंगदाणे व काजू बरेच येतात, तेव्हा कोणास त्यांचे वावडे नाही ना, हे यादी करतानाच विचारावे. दूध कायमचे सोडणाऱ्यांनी ब-१२ जीवनसत्त्वासाठी वैद्यकीय सल्ला घ्यावा, कारण वनस्पतिजन्य आहारातून ते भरवशाने मिळत नाही. आजीची काळजी या एका बाबतीत अगदी रास्त असते.

देवाचे ताट आणि माणसाचे पान

राहिला प्रश्न नैवेद्याचा. अनेक आज्यांची खरी अडचण चवीची नसून श्रद्धेची असते. तुपाने अन्नशुद्धी होते, ही त्यांची धारणा आयुष्यभराची आहे. ती वादविवादाने पुसण्याचा प्रयत्न कोणीही करू नये. देवाच्या ताटात भातावर, वरणावर, मोदकावर तूप पूर्वीप्रमाणेच वाढावे. पूजेचे पंचामृतही पूर्वीप्रमाणेच व्हावे. ज्याला ते घ्यायचे नसेल त्याने साधे तीर्थ घेऊन नमस्कार करावा. भांड्यातील अन्न तुपाविना शिजलेले असल्याने नैवेद्य दाखवून झाल्यावर तेच अन्न नातीच्या पानावर निःशंकपणे वाढता येते. आजीचा नियम देवाच्या ताटात अबाधित आणि नातीचा तिच्या पानावर. यासाठी दोघींपैकी कोणालाही माघार घ्यावी लागत नाही.

सुनेने हा बेत सासूबाईंसमोर मांडताना पदार्थांपासून आरंभ करू नये. "आई, या वर्षी नैवेद्याचं ताट तुम्हीच वाढा, तूपही तुम्हीच घाला. बाकी स्वयंपाक मी तेलाच्या फोडणीवर करते, म्हणजे सगळे एकत्र बसतील," एवढे म्हटले तरी पुरते. अधिकार ज्याचा त्याच्याकडे राहिला की मन मोकळे होते. आणि नातीनेही इतरांच्या तुपाच्या वाटीकडे पाहून नाक मुरडू नये. आपल्या संयमाचा दुसऱ्यास जाच होऊ न देणे, हे व्रताचेच एक अंग आपल्याकडे मानले गेले आहे.

बंधु-भगिनींनो, कुटुंब टिकावे असे आपण सारेच म्हणतो. ते टिकण्याची कामे फार साधी असतात. येत्या भाद्रपदात यादी लिहिण्यापूर्वी घरातील प्रत्येकाला, लेकीसुनांना, बाहेरगावच्या नातवंडांना एकदा विचारावे : तुझ्या पानावर काय चालते, काय चालत नाही? मग एकच पातेले चढवावे, तुपाची वाटी बाजूला ठेवावी आणि बाराही पाने एका ओळीत मांडावीत.