रेडिओ गप्प झाला



रेडिओ तुम्ही सगळ्यांनी ऐकला आहे. पण सामना चालू असताना रेडिओवर बोलणारा माणूस काय करतो, ते थोड्यांनीच पाहिले असेल. आज ते सांगतो. त्यात आमची एक चूकही सांगायची आहे.

आमचे केंद्र अगदी लहान. २००६ साली सरकारने सेवाभावी संस्थांनाही असे गावचे रेडिओ चालवायची परवानगी दिली. ताकद १०० वॅट. आवाज दहा-पंधरा किलोमीटर जातो. मधे डोंगर आला, की तेवढाही नाही. आसपास खेळांचे सामने भरले, की आम्ही दोघे माईक घेऊन जातो. एकाने बोलायचे, दुसऱ्याने नावे आणि वेळ टिपायची. याला धावते वर्णन म्हणतात. क्रिकेटचे असे वर्णन बाळ ज. पंडित मराठीतून करीत. ते ऐकतच आम्ही मोठे झालो.

खो-खो कानांना दाखवणे फार अवघड. आठ जणी एका ओळीत बसतात. एकीचे तोंड इकडे, तर दुसरीचे तिकडे. नववी पाठलाग करते. समोरच्या संघाच्या तिघी पळत असतात. त्या बाद झाल्या, की पुढच्या तिघी येतात. ‘खो दिला’ एवढे आम्ही म्हणेपर्यंत दुसरा खो बसलेला असतो! २०२५ च्या जानेवारीत दिल्लीला या खेळाचा पहिला विश्वचषक झाला. पुरुषांचा आणि महिलांचा, दोन्ही चषक भारताने जिंकले. प्रतीक वाईकर आणि प्रियांका इंगळे हे दोन्ही कर्णधार आपल्या महाराष्ट्राचे.

आमची गोष्ट त्याच्या आधीची. पौष महिना होता. चौदा वर्षांखालच्या मुलींचे सामने होते. बीडकडचा एक संघ बोलावला होता. सामन्याआधी त्यातली एक पोर आमच्या टेबलापाशी आली.

“काका, तुमचा रेडिओ फडावर लागतो का?”

“कोणत्या फडावर गं?”

तिने गावाचे नाव सांगितले. सहा किलोमीटरवर तिचे आईबाप ऊस तोडत होते. तुम्हांला माहीतच आहे, नवरा-बायको मिळून एक कोयता. मुकादमाकडून उचल घेतलेली असते. ती फिटेपर्यंत फड सोडता येत नाही. पोर गावी आजीजवळ राहून शिकत होती. दिवाळीपासून आईची भेट नव्हती.

“आईच्या फोनात रेडिओ हाये. म्या सांगून ठेवलंय. माझं नाव घ्या.”

आम्ही यादी पाहिली. तिचे नाव बारावे होते. नऊ जणी खेळतात, तिघी बाहेर बसतात. त्यांतली ही शेवटची. आम्ही म्हणालो, “बाळ, खेळलीस तर घेऊच. पण न खेळलेल्या पोरीला आम्हांला पळवता येत नाही.”

ती मान हलवून गेली. आम्हांला वाईट वाटले. पण करणार काय? ऐकणारा आमच्या डोळ्यांनी पाहतो. त्याला खोटे दाखवायचे नाही. मग एक युक्ती सुचली. एरवी आम्ही नऊ नावे वाचतो. त्या दिवशी बारा वाचली. बाहेर बसलेल्या तिघी आहेत, हे तर खरेच होते! तिचे नाव इथे सांगत नाही. त्या दिवशी घेतले, तेवढे पुरे.

शेवटचा डाव सात मिनिटांचा. बीडच्या मुली पळत होत्या. खांबाला वळसा घेताना एकीचा पाय मुरगळला. मास्तरांनी इकडेतिकडे पाहिले आणि बदली म्हणून हिला उठवले. तिसऱ्या तुकडीत ती मैदानात उतरली. दोन मिनिटांत तिच्या दोघी सोबतिणी बाद झाल्या. आता ही एकटी. संघ एका गुणाने पुढे. बाद झाली तर बरोबरी, टिकली तर जिंकले. पन्नास सेकंद उरले होते.

आम्ही तिचे नाव घेतले. पुन्हा घेतले. ती हुलकावणी देत होती, ओळीतून आत-बाहेर होत होती. आणि अचानक आम्हांला मैदानाऐवजी फड दिसू लागला. कोयता खाली ठेवून, फोन कानाशी धरून उभी असलेली बाई दिसली. गळा दाटला. शब्दच फुटेना. अशा वेळी जोडीदाराने माईक घ्यायचा असतो. पण तोही उपरण्याने डोळे पुसत होता. रेडिओवर नुसता गलका जात राहिला. मग शिट्टी झाली, तेव्हा कुठे आम्ही ओरडलो, “टिकली! पोर टिकली!”

आम्हांला वाटले, काय छान झाले!

दुसऱ्या दिवशी दिवेलागणीला एक बाई केंद्रावर आल्या. वाढे विकायला निघाल्या होत्या. भारा दारात टाकला. आदल्या दिवशी फडावर गाडी भरायची होती, त्यामुळे त्यांना मैदानावर येता आले नव्हते. संघ तर सकाळीच परत गेला होता. मायलेकींची गाठ पडलीच नाही.

त्या रागावलेल्या होत्या.

“मधीच का हो गप बसलात? मला वाटलं, पोर पडली. खांबावर आपटली. माझ्या हातापायातलं बळच गेलं.”

आम्ही काय बोलणार? आमचा गहिवर तिकडे फडावर कुणाला दिसणार होता? आम्ही माफी मागितली. कालच्या सामन्याची नोंद यंत्रात होती. त्यांना बसवून ती लावली. नावे आली. गलका आला. आम्ही गप्प झालो, ती जागा आली. १४ सेकंद होते ते. बाईंनी पदराचे टोक घट्ट धरले होते. “पोर टिकली” ऐकले, तेव्हा सोडले.

“पुन्यांदा लावा,” त्या म्हणाल्या.

पुन्हा लावली. ती जागा आली. गलका चालू होता, आमचा आवाज नव्हता. बाईंनी आमच्याकडे पाहिले नाही. यंत्राकडे बोट केले.

“हितं पळायलीय ती,” त्या म्हणाल्या.