बाजाराची वही

आमच्या गावचा बाजार बुधवारचा. आदल्या रात्री आई हिशेबाची वही उघडून बसे. जमा दोन ओळींत संपायची. तेल, चहापत्ती, मिरची, गूळ, भाजी असा खर्च मात्र पानभर. तेल महागले की भाजी कमी व्हायची. दुधाला कात्री लागत नसे, कारण आम्ही मुले होतो.

सरकारही अशीच वही ठेवते. २०२३-२४ च्या घरगुती खर्चाच्या पाहणीत ग्रामीण भारतात माणशी महिन्याचा खर्च ४,१२२ रुपये निघाला. त्यातले सुमारे ४७ टक्के खाण्यावर, म्हणजे आठवड्याला माणशी साडेचारशेच्या आसपास. १९९९-२००० मध्ये हाच वाटा ५९ टक्के होता. वाटा घटला, हे चांगलेच. औषधपाणी, शाळा, प्रवास यांनाही पैसा लागतोच की!

पण हे ‘माणशी’ काढतात कसे? घरखर्च भागिले घरातली माणसे. भागाकारात सगळ्यांच्या ताटात सारखेच पडते. आमच्या घरी तसे नव्हते. आई सगळ्यांच्या मागून जेवायची. करपलेली अर्धी भाकरी, कालवणाचा तळाचा रस्सा, आणि वर ‘मला आज भूकच नाही’ हे ठरलेले वाक्य. आम्हाला ते खरेच वाटायचे.

चाळिशीतच तिला चक्कर येऊ लागली. अंगात रक्त कमी आहे, असे डॉक्टर म्हणाले. वही अजून माझ्याकडे आहे. त्या आठवड्याच्या पानावर तिच्या अक्षरात ‘गोळ्या, अकरा रुपये’ अशी नोंद आहे, आणि त्याखाली भाजीचा आकडा खोडून कमी केलेला.