उभ्याने झिजलेले पाय
(विहाराच्या वर्धापन दिनाच्या कार्यक्रमात केलेले भाषण)



अध्यक्षांच्या परवानगीने मी खुर्चीवर बसूनच बोलणार आहे. भाषण उभे राहून करायचे असते हे मला माहीत आहे. पण गिरणीच्या साचेखात्यात चोवीस वर्षे मी उभाच होतो, आणि आजचा विषयही तोच आहे. कार्यकर्त्यांनी विषय विचारला तेव्हा मी 'पायाच्या फुगलेल्या शिरा' असे सांगितले, तर दोघे-तिघे हसले. हसू द्या. त्यातल्या एकाच्या पोटरीवर निळ्या गाठी मी स्वतः पाहिल्या आहेत.

मी काही डॉक्टर नाही. शिक्षण सातवीपर्यंत. जे सांगतो ते आधी स्वतःच्या पायाने शिकलो, मग वाचून आणि डॉक्टरांना विचारून खात्री करून घेतली.

हृदयातून रक्त पायाकडे उतरते ते सोपे काम. अवघड आहे ते परत वर चढवणे. चाळीत चौथ्या मजल्यावर पाणी चढवायला पंप लागतो की नाही? पायातला पंप म्हणजे आपली पोटरी. चालताना पोटरी आवळते, शिरा दाबल्या जातात आणि रक्त वर ढकलले जाते. ते पुन्हा खाली येऊ नये म्हणून शिरांमध्ये जागोजाग झडपा असतात, एकाच बाजूला उघडणाऱ्या. ह्या झडपा निकामी झाल्या की रक्त खाली साचते, कातडीखालची शीर फुगते, वेडीवाकडी होते. ह्यालाच व्हेरिकोज व्हेन्स म्हणतात. चालणाऱ्याचा पंप चालू राहतो. तासन् तास एका जागी उभे राहणाऱ्याचा पंप बंदच असतो.

नुसत्या उभे राहण्यानेच हे होते असे मात्र नाही. आईबापांना असेल तर मुलांना होण्याचा संभव जास्त. बाळंतपणे, वाढलेले वजन, वय, ही कारणे आहेतच. गरोदरपणात आलेल्या शिरा बाळंतपणानंतर काही महिन्यांत बऱ्याचदा ओसरतात, म्हणून तेव्हा घाई नको.

सुरुवात अगदी साधी असते. संध्याकाळी पाय जड होतात, घोट्याला सूज येते, रात्री पोटरीत गोळे येतात. आपण म्हणतो, दमलो. मीही तेच म्हणत होतो. पुढे घोट्याच्या आतल्या बाजूची कातडी काळपट झाली, खाज सुटली. इसब समजून मलम लावले. खाजवून जखम झाली ती अडीच वर्षे बुजली नाही! शेजारची एक म्हातारी करणी झाली म्हणाली, तिचे सोडून देऊ. पण ज्या दवाखान्यात मी जात होतो तिथे दर खेपेला नवी गोळी, नवे इंजेक्शन. मला उभे करून पाय एकदाही कोणी पाहिला नाही. जखमेला वास यायचा. लग्नकार्यात मी पंगतीच्या कडेला बसायचो, मीटिंगला दाराजवळ. घरातल्या माणसांनाही पाय दाखवायची लाज वाटायची.

शेवटी दुसऱ्या एका इस्पितळात पट्टी बदलणाऱ्या तरुण डॉक्टरीणबाईंनी मला स्टुलावर उभे केले, पँट वर ओढायला लावली आणि म्हणाल्या, "काका, ही जखम कातडीची नाही, शिरेची आहे." एवढ्या एका वाक्यासाठी माझी अडीच वर्षे गेली.

मग कलर डॉप्लर तपासणी झाली. त्यात कुठली झडप गळते ते दिसते. पायाच्या बोटांच्या मुळापासून गुडघ्याखालपर्यंत थरांची दाबपट्टी बांधली. त्याआधी पायाला शुद्ध रक्त नीट पोचते की नाही हे बघावे लागते, म्हणून मधुमेहवाल्यांनी आणि विडी-सिगारेट ओढणाऱ्यांनी आपल्या मनाने घट्ट पट्टी किंवा मोजे घालू नयेत. चार महिन्यांत जखम भरली. पुढे लेसरने ती शीर आतून बंद केली. त्याच दिवशी मी चालत घरी आलो.

"शीर बंद केली तर रक्त कुठून जाणार?" हे माझ्या आईनेच विचारले. प्रश्न बरोबर आहे. पायातले बहुतेक रक्त खोलवरच्या शिरांतून जाते, त्या शाबूत असल्या की वरची बिघडलेली शीर बंद केल्याने अडत नाही. पूर्वी जांघेत कापून शीर बांधत आणि ओढून काढत. अजूनही काही ठिकाणी करतात. आता लेसर किंवा रेडिओ लहरींची उष्णता वापरतात, काही शिरांत औषधाचा फेस टोचतात. ब्रिटनमध्ये जखमा असलेल्या ४५० रुग्णांवर अभ्यास झाला, तो २०१८ साली प्रसिद्ध झाला. दाबपट्टी सगळ्यांनाच होती. ज्यांची शीर लवकर बंद केली त्यांच्यातल्या निम्म्यांच्या जखमा ५६ दिवसांत भरल्या, ज्यांना थांबवून ठेवले त्यांना ८२ दिवस लागले. उपचारानंतर दुसरी शीर फुगू शकते, हेही सांगतो. तेल चोळल्याने झडप दुरुस्त होत नाही.

आता तरुणांसाठी. आपली मुले-मुली मॉलमध्ये उभी आहेत, गेटवर वॉचमन म्हणून उभी आहेत. १९४८ च्या फॅक्टरी अ‍ॅक्टच्या ४४ व्या कलमात उभ्याने काम करणाऱ्यांसाठी बसायची सोय ठेवावी असे लिहिले होते. माझ्या खात्यात एक स्टूल होते, त्यावर जॉबर बसायचा! केरळमध्ये दुकानांत कपड्यांच्या काउंटरवर उभ्या असणाऱ्या बायकांनी बसण्यासाठी लढा दिला आणि २०१८ साली तो हक्क कायद्यात आणला. तामिळनाडूत २०२१ मध्ये तसाच कायदा झाला. तुम्हाला निदान जागच्या जागी टाचा वर-खाली करता येतील, सुट्टीत चार पावले चालता येईल, रात्री पाय उशीवर ठेवता येतील. डॉक्टरने दाबाचे मोजे दिले तर सकाळी उठल्याबरोबर घालायचे, सूज चढल्यावर नव्हे.

दोन गोष्टी घाईच्या. फुगलेली शीर फुटून रक्त वाहू लागले तर माणसाला आडवे करा, पाय उंच धरा आणि स्वच्छ फडक्याने त्या जागी दाबून धरा. वर दोरी आवळू नका. थांबले नाही तर उचलून इस्पितळात न्या. दुसरे, एकच पाय अचानक सुजला, दुखू लागला, तर खोल शिरेत गुठळी असू शकते. त्यात दम लागला किंवा छातीत दुखले तर एक मिनिटही घालवू नका.

कार्यक्रम संपल्यावर मी जिन्याजवळ बसतो. भगिनींनी माझ्या मंडळींना विचारावे. तिनेही साडीखाली सहा वर्षे पाय लपवला होता, माझी जखम भरल्यावर मला सांगितले. येत्या सोमवारी आम्ही दोघे तिच्या तपासणीला जाणार आहोत. कोणाला बरोबर यायचे असेल तर सकाळी साडेसातला विहारासमोर उभे, चुकलो, बसून राहा.

जयभीम.