सूत्रातली तिसरी अट
(स्नेहमेळाव्यातील मनोगत)



बीजगणिताच्या तासाला मी बाकावर उभा असायचो. आता रोज संध्याकाळी सूत्रंच लिहितो: आजचा बंद भाव मागच्या 20 दिवसांतल्या उच्चांकाच्या वर, आणि व्हॉल्यूम 20 दिवसांच्या सरासरीच्या दुप्पट. हजारो शेअरांतून दहा-बारा उरतात.

पहिल्याच वर्षी त्यातला एक घेतला, मुलीच्या फीच्या पैशांनी. दुसऱ्या दिवसापासून रोज 5 टक्क्यांचं लोअर सर्किट. विकणाऱ्यांची रांग, घेणारा कोणी नाही. 200 शेअरांचे 400 झाले तरी दुप्पटच, हे सूत्राला कुठं कळतं? सर, पायरी गाळली म्हणून गुण कापायचात, तसंच झालं. आता तिसरी अट घालतो: रोजची उलाढाल किमान 10 कोटी रुपये.

फी पतपेढीच्या कर्जातून भरली. ते बायकोला आज इथंच कळतंय.